टेबलाच्या कुसवाला दाराचं माप लावू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी लाकडी टेबल कसं करावं यावर लेख आला होता. लेख चांगला होता. हत्यारांना धार कशी लावावी, रंध्याचं पातं किती बाहेर काढावं, हे ज्यानं लिहिलंय त्यानं लाकूड हातात घेतलेलं आहे, हे वाचतानाच कळत होतं. त्यात एका ठिकाणी असं होतं की कुसवाची, म्हणजे एका लाकडाच्या टोकाला काढून दुसऱ्याच्या भोकात बसवायच्या जिभेची, जाडी लाकडाच्या एक-तृतीयांश ठेवावी. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितोय. ओळ खोटी नाही. पण ती दारा-खिडक्यांची आहे, टेबलाची नाही, आणि लेख टेबलाचा होता.

मी उदगीरला लाकडाचं काम करतो. वडील गावात बलुत्यावर औतं आणि पेरणीच्या तिफणी करून द्यायचे, मी टेबल, पलंग, देव्हारे करतो, मुलगा प्लायवूडची कपाटं करतो. म्हणजे घरात तिघांचे तीन धंदे झाले, हत्यारांची पेटी मात्र अजून वडिलांचीच आहे. मुलाला कुसवाची गरज पडत नाही. त्याचं काम स्क्रू आणि बिजागरीवर भागतं. त्यात वाईट काही नाही, प्लायवूडला कुसू काढायचंच नसतं. पण ज्याला सागवानाचं टेबल करायचंय आणि ते नातवंडांपर्यंत टिकावं असं वाटतंय, त्याची गाठ कुसवाशी पडतेच.

लेख छापून आल्यावर देवणीकडचे एक शिक्षक माझ्याकडे चार पाय आणि चार पट्ट्या पोत्यात बांधून घेऊन आले. मुलीला अभ्यासाला टेबल करत होते. म्हणाले, "सगळं लेखात लिहिल्यासारखं केलं, मग जोडल्यावर हे कामून हलायलंय?" बघितलं तर त्यांनी एक-तृतीयांश अगदी इमानेइतबारे धरला होता, पण पायाचा. लेखात 'लाकडाच्या' एवढंच होतं. कोणत्या लाकडाच्या, ते नव्हतं. त्यांचा दोष नाही.

आता हा नियम मुळात कुठला ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. दाराचा पल्ला घ्या. त्याची उभी पट्टी आणि आडवी पट्टी एकाच जाडीची असते, समजा सव्वा इंच. उभीत भोक पाडायचं, आडवीच्या टोकाला त्या भोकात बसेल असं कुसू काढायचं. कुसू जाड केलं की भोक रुंद होतं आणि भोकाच्या दोन्ही अंगांच्या भिंती पातळ पडतात, ठोकताना चिरतात. कुसू पातळ केलं की भिंती दणकट राहतात, पण कुसूच मोडतं. दोन्ही लाकडं सारख्याच जाडीची, त्यामुळं दोघांचं नुकसान सारखं वाटून घ्यायचं. म्हणून तीन भाग करायचे, मधला कुसवाला आणि कडेचे दोन भिंतींना. एवढाच या नियमाचा जन्म. चौकटीला, पल्ल्याला, फोटोच्या फ्रेमला तो बरोबर लागू पडतो.

टेबलात दोन्ही लाकडं सारखी नसतातच. पाय जाड असतो, टॉपच्या खालून चारी बाजूंनी फिरणारी पट्टी पातळ असते. सॉमिलमधून अडीच इंची चौरस चिरून आणलेला पाय रंधून गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणला की सव्वादोन इंच उरतो. इंची पट्टी रंधून पाऊण इंचाच्या थोडी वर राहते. आमच्या हिशेबात पाय १८ सूत, पट्टी ७ सूत. (नव्या वाचकांसाठी : इंचाचे सूत ८, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. आम्ही अजून सुतातच बोलतो, कारण कुसवाची सगळी गणितं सुतात तोंडी होतात.)

गुरुजींनी १८ सुतांचा तिसरा हिस्सा, म्हणजे ६ सुतांचं कुसू काढलं होतं. पट्टीच ७ सुतांची. दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा सूत खांदा, म्हणजे कुसवाच्या मुळाशी पायाला टेकणारी पट्टीची कड, उरला. तो खांदा म्हणजे नुसती रेघ, टेकायला काही नाहीच. टेबल ओढलं की पट्टीला पायावर टेका मिळत नव्हता आणि सगळा भार कुसवाच्या मुळाशी येत होता. दुसरा कोणी पट्टीचा तिसरा हिस्सा धरेल तर तो येतो सव्वादोन सुतांच्या आसपास. तेवढ्या मापाचं किकरं, म्हणजे भोक पाडायची अरुंद पटाशी, कुणाच्या पेटीत असतं? आमच्या पेटीत २, ३ आणि ४ सुतांची असतात, नव्या दुकानात ६, १० आणि १२ मिलिमीटरची मिळतात. मग माणूस २ सुतांचं उचलतो. ७ सुतांच्या पट्टीला २ सुतांचं कुसू चालतं, नाही असं नाही, पण ज्या टेबलावर मिक्सर चालणार, पोरं चढणार, लग्नात वाढप्यांच्या परातींचे ढीग बसणार, त्याला ते हलकं पडतं.

पायाच्या भिंतींची टेबलात काळजीच करायची नसते. १८ सुतांतून ३ गेले तरी १५ उरतात. इथं कमी पडणारं लाकूड पट्टीचं आहे, पायाचं नाही. म्हणून कुसू पट्टीच्या जाडीवरून ठरवायचं, आणि एक-तृतीयांशावर न अडता निम्म्याच्या जवळ न्यायचं. ७ सुतांच्या पट्टीला ३ सूत. दोन्ही अंगांना दोन-दोन सूत खांदा राहतो, तो पुरतो. पाऊण इंची म्हणजे ६ सुतांच्या पट्टीला २ सूतही चालेल, ३ सूतही चालेल. मी ३ करतो, खांदा दीड-दीड सूत राहतो. दीडच्या खाली मात्र खांदा जाऊ देत नाही. त्याच्या खाली गेला की पट्टी पायाला दाबून धरत नाही आणि भोकाची कड उघडी दिसायला लागते.

जाडीवर एवढं बोललो, पण खरं सांगायचं तर टेबल हलतं ते जाडीमुळं क्वचितच. बहुतेक वेळा कुसू आखूड असतं. आणि ते आखूड का असतं, याचं उत्तर पायात भोक कुठं पाडलंय त्यात असतं. इथं जरा वेळ द्या, कारण लेखात याचा उल्लेखच नव्हता.

टेबलाच्या प्रत्येक पायात दोन पट्ट्या येतात, एक लांबीची, एक रुंदीची. म्हणजे पायाच्या शेजारशेजारच्या दोन अंगांतून दोन भोकं आत जातात आणि आत कुठंतरी एकमेकांना भेटतात. बहुतेक नवशिके पट्टी पायाच्या बरोबर मध्यावर ठेवतात, कारण दिसायला ते नीटनेटकं वाटतं. आता हिशेब करा. पाय १८ सूत, कुसू ३ सूत, मध्यावर. म्हणजे बाहेरच्या अंगापासून साडेसात सूत सोडून कुसू सुरू होतं आणि साडेदहावर संपतं. आतल्या बाजूनं शिरलेलं दुसरं कुसू साडेसात सूत आत गेलं की पहिल्याला भिडतं. एक इंचसुद्धा झाला नाही!

तीच पट्टी बाहेरच्या बाजूला सरकवा. पायाच्या बाहेरच्या अंगापासून पट्टी एक सूत आत ठेवा. ही एक सुताची पायरी दिसायला चांगली लागते, आणि पुढं लाकूड आकसलं तरी पाय आणि पट्टी यांची पातळी बिघडलेली डोळ्यांत भरत नाही. त्या एका सुताच्या आत दोन सूत खांदा, मग ३ सूत कुसू. म्हणजे कुसू बाहेरच्या अंगापासून ३ ते ६ सुतांच्या मधे आलं. आता दुसरं कुसू आतल्या बाजूनं १२ सूत आत जाईपर्यंत पहिल्याला लागतच नाही. १२ सूत म्हणजे दीड इंच. साडेसात सुतांचे बारा झाले. लाकूड तेच, किकरं तेच, मेहनतही तेवढीच. फक्त खतावणीची, म्हणजे कडेला समांतर रेघ मारायच्या हत्याराची, रेघ सरकवली. पायाच्या बाहेरच्या अंगाला ३ सूत भिंत उरते, सागवानाला ती पुरेशी आहे. बाभूळ-कडुनिंबाला तर प्रश्नच नाही.

मी सव्वा इंच, म्हणजे १० सूत लांब कुसू ठेवतो. भोक अर्धा सूत जास्त खोल पाडतो, म्हणजे सरस तळाशी साचला तर त्याला जागा मिळते आणि खांदा पायाला पक्का टेकतो. भोकाच्या तळाला कुसू आधी टेकलं की खांदा उघडा राहतो, मग शिकंजा (लाकडं दाबून धरायचा क्लॅम्प) कितीही आवळा, फट जात नाही. पाय दोन इंचांचा किंवा त्याहून बारीक असेल आणि कुसवं आत भिडत असतील, तर दोन्हींची टोकं पंचेचाळीस अंशांत तिरकी कापायची. त्यानं आणखी दोन-तीन सूत लांबी मिळते. पण टोकं एकमेकांना चिकटवायचा मोह नको. तिथं मधे थोडी फट राहिली तर काही बिघडत नाही, टोकं एकमेकांवर अडली तर मात्र एका बाजूचा खांदा कायमचा उघडा राहतो.

लांबीला एवढं महत्त्व का? सरस लाकडाच्या रेषेला, म्हणजे तंतूंच्या लांबीला, धरतो, टोकाला धरत नाही. पट्टीचा खांदा म्हणजे लाकडाचं टोक; त्याला कितीही फेविकॉल लावा, ते पिऊन टाकतं. धरून ठेवतात त्या कुसवाच्या दोन रुंद बाजू, कारण तिथं रेषा पट्टीच्या लांबीनं धावते. कुसू ३ इंच रुंद आणि सव्वा इंच लांब असेल तर एका बाजूला पावणेचार चौरस इंच चिकटायला मिळतात, दोन्ही बाजू धरून साडेसात. मध्यावर ठेवलेल्या आखूड कुसवाला साडेपाचच्या आसपास. जाडी वाढवून या जागेत एक सूतभरही भर पडत नाही. शिवाय तीस इंच उंचीच्या टेबलाच्या पायाच्या तळाला लागलेला धक्का वर सांध्यावर दोन फुटांहून लांब तरफेनं येतो. फरशीच्या सांध्यात पाय अडकला असताना टेबल ओढणारा माणूस कुसवाची जेवढी परीक्षा घेतो, तेवढी वरचं वजन कधीच घेत नाही.

म्हणूनच पट्टीची उंचीही कमी करू नका. हल्ली नाजूक दिसावं म्हणून अडीच इंची पट्टी लावायची फॅशन आहे. चार इंचांच्या खाली मी जात नाही. तीस इंचांतून टॉपचा एक आणि पट्टीचे चार गेले तरी गुडघ्यांना पंचवीस इंच राहतात, अठरा इंचांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला ते पुरतात. पंगतीला मांडी घालून बसणारे आपण, टेबलाखाली मांडी घालायचा हट्ट धरला तर मात्र नाइलाज आहे.

चार इंची पट्टीला कुसूही चार इंच रुंद काढायचं का? नाही. पट्टीची वरची कड पायाच्या टोकाच्या पातळीत असते. कुसू पूर्ण रुंदीचं ठेवलं तर पायातलं भोक वरून उघडं पडतं, तीन बाजूंनी भिंत आणि चौथीकडे आकाश. असा पाय वर्षा-दोन वर्षांत वरून चिरतो. म्हणून वरचे पाऊण इंच कुसू मागे कापायचं, फक्त ३ सूत लांब ठेवायचं, आणि पायातही तेवढीच उथळ खाच पाडायची. खालचं पूर्ण लांबीचं कुसू बंद भोकात बसतं आणि वरचा आखूड तुकडा पट्टीला मुरगळू देत नाही. खालच्या कडेलाही दोन सूत खांदा सोडावा, म्हणजे भोकाची खालची कड झाकली जाते. चार इंचांतून वरचे सहा आणि खालचे दोन सूत गेले की कुसू बरोबर तीन इंच रुंद राहतं. पट्टी सहा इंची असेल तर मात्र सलग एक कुसू नको. मधे इंचभर जागा सोडून दोन करा. सलग लांब भोकानं पायाची भिंत लवचीक होते, आणि रुंद कुसू आकसताना सरसाचा थर फाडतं. ड्रॉवर असलेल्या टेबलाच्या पुढच्या बाजूला आडवी झोपलेली पट्टी येते, तिचं गणित वेगळं आहे. तिथं शेजारीशेजारी दोन बारीक कुसवं लागतात. त्यावर स्वतंत्र लेख व्हावा.

एक बारकी गोष्ट, पण ती न पाळल्यामुळं वाया गेलेले पाय मी जळणात बघितलेत. भोकं पाडताना पाय वरून इंचभर लांबच ठेवा. किकऱ्यावर घाव बसताना वरचं टोक चिरतं ते या जादा लाकडात चिरतं. टेबल जोडून सरस वाळला की मग ते कापून टाका. आणि नेहमी भोक आधी, कुसू नंतर. किकरं जेवढं रुंद तेवढंच भोक पडतं, त्यात बदल करता येत नाही. कुसवावरून मात्र रंध्यानं एक साल काढता येते. उलटं केलं की माणूस भोक पटाशीनं तासत बसतो आणि भिंती वेड्यावाकड्या होतात.

कुसू भोकात किती घट्ट बसावं, हे लिहून सांगणं अवघड आहे. हाताच्या जोरानं निम्मं आत जावं आणि उरलेलं लाकडी हातोड्याच्या हलक्या टोल्यांनी. हातानंच पूर्ण आत गेलं आणि उलटं धरल्यावर गळून पडलं तर सैल. जोरानं हाणावं लागलं तर सगळा सरस खरवडून बाहेर येतो आणि कोरडंच लाकूड आत जातं, किंवा पाय चिरतो. भुसा आणि फेविकॉल कालवून सैल कुसवाची फट बुजवायची रीत आमच्याकडे सर्रास आहे. ती पॉलिशखाली दिसत नाही, एवढाच तिचा गुण. पांढरा सरस पातळ थरात धरतो, जाड थरात नाही. त्यापेक्षा कुसवाच्या बाजूला त्याच लाकडाची पातळ साल चिकटवा, वाळू द्या आणि पुन्हा रंधा मारून बसवा.

आता आपल्या हवेबद्दल, कारण लेखातली मापं कुठल्या तरी समुद्राकाठच्या गावची वाटली. मराठवाड्यात मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो, लाकूड हाडासारखं सुकतं. ऑगस्टमध्ये तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी खेळतं, म्हणूनच त्याला किंमत आहे, पण खेळतं. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत. चार इंची पट्टीत हा खेळ अर्ध्या सुताच्याही आत असतो, कुसू तो सोसून घेतं. अडीच फूट रुंद टॉपमध्ये मात्र एक-दोन सूत सहज होतो. तो टॉप पट्टीला चारी बाजूंनी स्क्रूनं किंवा सरसानं जखडला, तर एक तर टॉप फाटतो किंवा तो पट्ट्यांना ढकलून सांधे उघडतो. मग दोष बिचाऱ्या कुसवावर येतो. टॉपला स्क्रू मारताना पट्टीकडचं भोक लांबट ठेवा, म्हणजे टॉपला सरकायला जागा राहते. बस.

त्याहून मोठा प्रश्न ओल्या लाकडाचा. बल्लारशाहच्या डेपोतलं किंवा किनवटकडचं जुनं सागवान आता सगळ्यांच्या खिशाला परवडत नाही. कांडला बंदरातून येणारं परदेशी सागवान घ्यावं लागतं. त्यातलं पुष्कळ लागवडीचं, कमी वयाचं असतं आणि त्यात पांढरी, म्हणजे सालीलगतचं कच्चं लाकूड, जास्त. घनफुटाच्या भावात पांढरी आणि गाभा एकाच तराजूत जातात. माझं म्हणणं एवढंच की पांढरी टॉपच्या खालच्या अंगाला गेली तर एकवेळ चालेल, पण पट्टीच्या टोकाला, म्हणजे कुसवात, ती येऊ देऊ नका. कीड आधी तिथंच शिरते आणि बाहेरून काही दिसत नाही. चिरून आणलेलं लाकूड पट्ट्या मधे घालून सावलीत रचून ठेवा, निदान एक उन्हाळा त्यातून जाऊ द्या. ओलं कुसू सुक्या पायात बसवलं की मेमध्ये ते आकसून सैल होणारच. उलट जमलं तर उत्तम : पट्टी कोरडीठाक आणि पाय किंचित कमी सुका. वडील औतांना हेच करायचे. तिफणीच्या दिंडात, म्हणजे आडव्या जाड लाकडात, फण (जमिनीत घुसणारे दाते) बसवताना फणाचं लाकूड आधी खूप वाळवलेलं असायचं. दिंड नंतर वाळला की तो फणाला आवळून धरायचा, खिळा नको, सरस नको. बैलांच्या ओढीला आणि काळ्या रानातल्या दगडांना ते पुरून उरायचं. आता ट्रॅक्टरच्या मागं लोखंडी पेरणीयंत्र आहे आणि ते बरंच आहे; पाऊस दोन दिवस उघडला तेवढ्यात पेरून होतं.

सरसावर भरवसा नसेल तर बांबूची खुंटी मारा. पायातून आरपार नको, बाहेरच्या अंगानं कुसवापलीकडे जाईल एवढी. पायात भोक पाडून घ्या, कुसू आत घालून त्यावर खूण करा, कुसू बाहेर काढा आणि त्यातलं भोक त्या खुणेपेक्षा खांद्याकडे थोडंसं, अर्ध्या सुताहून कमीच, सरकवून पाडा. खुंटी ठोकली की ती कुसवाला आत ओढते आणि खांदा पायाला घट्ट दाबून बसतो. शिकंजे नसलेल्या माणसानं असंच टेबल जोडावं. खुंटी कुसवाच्या टोकाजवळ नको, नाहीतर टोकाचं लाकूड फाटून बाहेर येतं. लांबीच्या मध्याजवळ ठेवा.

वेरूळला दहावं लेणं आहे, त्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. आमच्या समाजातले पुष्कळजण तिथं विश्वकर्म्याच्या नावानं माथा टेकून येतात. छताला दगडात वाशांसारख्या कमानी कोरल्यात, सातव्या शतकातलं काम, अगदी लाकडाची नक्कल. मी तिथं मान वर करून बघतो तेव्हा मला त्या कारागिराचा हेवा वाटतो. त्याला एकही सांधा जोडावा लागला नाही, सगळं एकाच दगडात. ऊन-पावसाचं आकसणंही नाही. असो, हे विषयांतर झालं.

सरकारी आणि संस्थांच्या टेबलांबद्दल दोन ओळी. माझ्यासारख्याकडे जी मागणीपत्रं येतात त्यांत लाकडाची जात, टॉपची लांबी-रुंदी, पॉलिशचे हात, सगळं असतं. सांध्याबद्दल एक अक्षर नसतं. मग ज्याचा दर सगळ्यांत कमी तो कुसवाच्या जागी दोन खिळे आणि कोपऱ्यात एक त्रिकोणी ठोकळा लावून मोकळा होतो, आणि कागदावर त्याचं काही चुकलेलं नसतं. पट्टी चार इंच, कुसू ३ सूत जाड आणि किमान सव्वा इंच लांब, एवढी एक ओळ मागणीपत्रात आली तर तपासणारा माणूस टेबल जोडण्याआधी एक पट्टी उचलून मोजू शकतो. मी हे तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या मंडळींना सांगितलं, त्यांनी तशी ओळ टाकली. त्या कामाचा दर माझ्यापेक्षा दुसऱ्याचा कमी होता, काम त्यालाच मिळालं आणि टेबलं चांगली झालीत.

शेवटी, ज्यांनी तो लेख वाचून आधीच लाकूड कापलंय त्यांच्यासाठी, म्हणजे आमच्या गुरुजींसारख्यांसाठी. पट्टी फेकू नका. चुकीचं कुसू खांद्यापाशी सरळ कापून टाका. पट्टीची लांबी आतल्या मापाला तशीच राहते, कारण खांद्यापासून खांद्यापर्यंतचं अंतर बदलत नाही. मग पट्टीच्या टोकातही पायासारखंच ३ सुतांचं भोक पाडा, सव्वा इंच खोल. पायातलं ६ सुतांचं भोक त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सरस लावून बसवून बुजवा आणि वाळल्यावर त्यातच बाहेरच्या बाजूला सरकवून ३ सुतांचं नवं भोक पाडा. दोन्हींत बसेल असा ३ सूत जाडीचा वेगळा तुकडा रंधून घ्या, त्याची रेषा पट्टीच्या लांबीच्या दिशेनं हवी, आडवी असेल तर तो बिस्किटासारखा मोडेल. दोन्हीकडे सरस लावून जोडा. हे सुटं कुसू एकसंध कुसवाइतकंच काम देतं, फक्त भोकं दुप्पट पाडावी लागतात. गुरुजींनी ती माझ्याच दुकानात, माझ्याच किकऱ्यानं पाडली. पहिली दोन जरा तिरकी गेली, बाकीची बरी आली.

या पत्रासोबत पायाचा आडवा छेद सुतांच्या मापांसह पेन्सिलनं काढून पाठवतोय. पुढच्या रविवारी जागा असली तर तो छापावा, आणि छापताना एक-तृतीयांशाच्या शेजारी 'दार व खिडकी' असं लिहावं.

आपला वाचक,
एक सुतार, उदगीर (जि. लातूर)